गोष्ट सुचलीय, पण प्लॉट? पहिली दीर्घकथा बांधायची पद्धत, मला जमली तशी

तीन वर्षांपूर्वी मी कादंबरी लिहायला घेतली आणि अकराव्या प्रकरणात माझा नायक एका चहाच्या टपरीवर जाऊन बसला, तो अजून तिथेच बसलाय. ३२ हजार शब्द झाले होते. वाक्यं बरी होती, पावसाचं वर्णन वाचून मैत्रिणींनी वा वा केलं होतं, पण पुढे काय होणार ते मला माहीत नव्हतं आणि खरं सांगायचं तर मागे जे झालं ते का झालं हेही माहीत नव्हतं. त्यातलंच एक प्रकरण कथा म्हणून एका दिवाळी अंकाला पाठवलं, तिथून उत्तर आलं की प्रसंग चांगले आहेत पण गोष्ट सापडली नाही. आठ दिवस राग आला, नवव्या दिवशी पटलं.

त्यानंतर दोन वर्षं जी काही धडपड केली, जिथे जिथे आपटले, त्यातून एक पद्धत हाताशी आली ती इथे लिहून ठेवतेय. ज्यांना गोष्टी सुचतात, पहिली चार पानं झरझर लिहून होतात आणि मग गाडी अडते, त्यांच्यासाठी हे आहे. ज्यांना काहीही न ठरवता लिहायला बसून सुद्धा शेवट सापडतो त्यांनी खुशाल पुढे जा, तुमचा हेवा वाटतो.

एक विनंती, पहिल्याच फटक्यात कादंबरीला हात घालू नका. आठ-दहा हजार शब्दांची दीर्घकथा घ्या. छोट्या कथेत एकाच प्रसंगावर निभावून जातं त्यामुळे बांधणी शिकायला मिळत नाही, आणि कादंबरीत चूक कळायलाच सहा महिने जातात. दीर्घकथेत चूक तीन आठवड्यांत कळते.

आधी हे सामान जमवा

• २०० पानी वही, एकच. तीन वह्या केल्या की काय कुठे लिहिलं ते शोधण्यातच रविवार जातो.
• घरात पडलेल्या जुन्या लग्नपत्रिका. हसू नका. मागची बाजू कोरी असते, कागद जाड असतो, एकीच्या चार चिठ्ठ्या होतात. ३०-४० चिठ्ठ्या कापून ठेवा, सीनसाठी लागतील.
• मोबाईलमधला व्हॉइस रेकॉर्डर. संवाद बोलून बघायला.
• गूगल डॉक्स किंवा वर्ड, आणि टायपिंग युनिकोडमध्येच. जुन्या फॉन्टमध्ये टाईप करून पाठवलं आणि समोरच्याच्या कॉम्प्युटरवर तो फॉन्ट नसला तर नुसती अगम्य अक्षरं उमटतात.
• गोष्ट ज्या वर्षात घडते त्या वर्षाचं सण-तिथीवालं कॅलेंडर.

प्लॉटिंगचं सॉफ्टवेअर वगैरे काही विकत घेऊ नका. मी घेतलं होतं, त्यात रंगीत पट्ट्या लावण्यात दीड महिना गेला आणि लिहिलं शून्य.

आणि वहीची पहिली पाच पानं राखून ठेवा, हीच आपली कागदपत्रं: एका वाक्यातली गोष्ट, पात्रांची यादी, सीनची यादी, तारखांचं पान आणि 'कोणाला काय माहीत' हा तक्ता. शेवटचा तक्ता सगळ्यात महत्त्वाचा आहे, त्यावर खाली येतेच.

उदाहरणाशिवाय हे सगळं हवेत जातं म्हणून माझ्याच एका कथेचा सांगाडा उघडून दाखवते. तालुक्याला शिकायला राहिलेल्या पोरांचे डबे गावाहून एसटीने येतात हे ज्यांनी पाहिलंय त्यांना वेगळं सांगायला नको. मुक्कामाची गाडी सकाळी सहाला गावातून सुटते, आया कंडक्टरच्या हातात डबे देतात, ड्रायव्हरशेजारी डब्यांची रांग लागते, स्टँडवर पोरं उभी असतात, कालचा रिकामा डबा द्यायचा आणि आजचा भरलेला घेऊन पळायचं. मला सुचलं ते एवढंच की एक दिवस एक पोरगा डबा न्यायला येत नाही. बस. ही गोष्ट झाली असं समजून मी लिहायला बसले असते तर दहाव्या पानावर परत चहाची टपरी आली असती.

१. गोष्ट एका वाक्यात लिहा, आणि ते वाक्य आवडलं की खोडा

वाक्यात तीन गोष्टी हव्यात: कोणाला काय हवंय, आड काय येतंय, आणि त्यापायी तो माणूस काय करून बसतो. माझं पहिलं वाक्य होतं, 'आईच्या मायेची आणि ग्रामीण वास्तवाची हृदयस्पर्शी कथा.' हे पुस्तकाच्या मागच्या कव्हरवर छापायला ठीक आहे, लिहायला ह्याचा काडीचा उपयोग नाही कारण ह्यात कोणी काही करतच नाहीये. दुसरं वाक्य, 'पोरगा डबा न्यायला येत नाही म्हणून कंडक्टर अस्वस्थ होतो.' इथे पण तो नुसता अस्वस्थच होतोय.

सातव्या-आठव्या खेपेला हे आलं: 'गाडी लेट होती म्हणून सदा कंडक्टरने पोराची वाट न बघता डबा ड्रायव्हरबरोबर खाऊन टाकला आणि पोराच्या आईला, काशीबाईंना, पोराला दिला म्हणून सांगितलं, दुसऱ्या दिवशी कळलं की पोरगं कॉलेज सोडून निघून गेलंय, आता खरं सांगायचं तर आधी स्वतःचं खोटं कबूल करावं लागणार.'

वाक्य लांबलचक आहे, असू दे. फरक बघा, आता सदा अडकलाय आणि तो स्वतःच्या करणीने अडकलाय. पहिलं खोटं इतकं क्षुल्लक आहे की कुणीही बोललं असतं. तुमच्या वाक्यात नायकाने स्वतः काही केलेलं नसेल, सगळं त्याच्यावर नुसतं कोसळतच असेल, तर पुढे जाऊ नका, इथेच थांबा, चार दिवस लागले तरी चालतील.

२. 'आणि मग' खोडून 'म्हणून' नाहीतर 'पण' लिहा

ई. एम. फॉर्स्टर ह्या इंग्रज कादंबरीकाराने १९२७ साली केंब्रिजच्या व्याख्यानांत हे फार सोपं करून सांगितलं होतं: राजा मेला आणि मग राणी मेली, ही झाली नुसती हकीकत, आणि राजा मेला, त्या दुःखाने राणी मेली, हा झाला प्लॉट. सगळा खेळ मधल्या कारणाचा आहे.

वहीत प्रसंग एकाखाली एक लिहा आणि दोघांच्या मध्ये कुठला शब्द बसतो ते बघा. माझी पहिली यादी अशी होती: नितीन डबा न्यायला येत नाही, आणि मग सदा त्याच्या खोलीवर जातो, आणि मग काशीबाईंची गरिबी दिसते, आणि मग सदाला स्वतःचं लहानपण आठवतं, आणि मग पाऊस पडतो. पाऊस तर पडायचाच, जून महिना होता.

दुरुस्त केल्यावर: नितीन येत नाही, पण गाडी आधीच लेट आहे, म्हणून सदा थांबत नाही. अन्न वाया जाईल म्हणून तो आणि ड्रायव्हर मुल्ला डबा खातात. संध्याकाळी काशीबाई विचारतात, एवढ्याशा गोष्टीचं कशाला सांगायचं म्हणून सदा म्हणतो, 'दिला की.' पण दुसऱ्या दिवशीही नितीन नाही, म्हणून सदा खोलीवर जातो. तिथे कळतं की तो गेल्या आठवड्यातच रात्रीच्या गाडीने पुण्याला गेला...

थांबा. इथे मी स्वतःच फसले होते. नितीन गेल्या आठवड्यात गेला असेल तर परवापर्यंत डबा कोण नेत होतं? ही चूक मला तिसऱ्या ड्राफ्टला सापडली, तीही बहिणीने दाखवली. आता तो आदल्या रात्रीच गेलेला आहे. तारखांचं पान ह्यासाठीच लागतं.

सगळेच जोड 'म्हणून' ने झाले तरी गोष्ट कंटाळवाणी होते हं, रेल्वेच्या रुळासारखी सरळ जाते. मधेमधे 'पण' हवा. साधारण दोन 'म्हणून' नंतर एक 'पण' आला की वाचणारा जागा राहतो असा माझा अनुभव, नियम नाही.

३. शेवट आधी ठरवा, निदान पेन्सिलने

शेवट ठरवला की मजा जाते असं मलाही वाटायचं. पण शेवट माहीत नसेल तर सुरुवातीला काय पेरायचं हेच कळत नाही.

मी तीन शेवट लिहून बघितले. पहिला, नितीन परत येतो आणि आईच्या पाया पडतो. रडू येतं, पण सदाने काय केलं? काहीच नाही, त्याची अडचण दुसऱ्यानेच सोडवली. दुसरा, काशीबाई जातात आणि सदाला आयुष्यभर रुखरुख. हा सोपा मार्ग आहे, शेवट सुचत नसला की आपण म्हाताऱ्या माणसांना मारतो. दिवाळी अंक उघडून मोजा, किती आज्या मेल्यात ते.

तिसरा शेवट शेपूने दिला. नितीन शेपूच्या भाजीला हात लावत नाही, शेपूच्या दिवशी डबा निम्मा तसाच परत येतो, हे अख्ख्या गाडीला माहीत आहे. सदा मात्र सगळा डबा चाटून पुसून, वर स्टँडवरच्या नळाला धुऊन परत देतो. शेवटी काशीबाई विचारतात, 'शेपू आवडली का तुमाला?' एवढंच. त्यांना कधीच कळलेलं असतं.

हा शेवट सापडला त्या रात्री मी झोपले नाही, कारण आता मागचं सगळं बदलणार होतं.

४. पाच सांधे मारा

सुरुवात-मध्य-शेवट तर ॲरिस्टॉटलपासून चालत आलंय, आणि १८६३ साली गुस्ताव फ्रायटाग नावाच्या जर्मन लेखकाने नाटकाचा चढ-उताराचा जो आराखडा मांडला तो पिरॅमिड म्हणून सगळीकडे शिकवतात. मला स्वतःला मात्र जास्त उपयोगी पडले ते आपल्या नाट्यशास्त्रातले पाच संधी. संस्कृत नावांना घाबरू नका, शब्द मागे सोडा, काम बघा:

मुख म्हणजे जिथे बीज पडतं. माझ्या कथेत: डबा खाल्ला, 'दिला' म्हणून सांगितलं.

प्रतिमुख म्हणजे बीज जरा दिसतं, जरा लपतं. नितीन पळून गेल्याचं कळतं, सदा गप्प राहतो.

गर्भ, इथे मिळालं मिळालं वाटतं आणि परत निसटतं. नितीनचं आंतरदेशीय पत्र येतं, महिन्याभरात येतो तोवर आईला सांगू नका. सदाला वाटतं सुटलो. महिना उलटतो, तो काही येत नाही, आणि काशीबाई डब्यातून परीक्षेच्या फीचे पैसे पाठवतात.

विमर्श म्हणजे मोठा अडथळा, सगळं फिसकटतं की काय अशी वेळ. रस्त्यात गाडी तपासायला माणसं चढतात, सदाच्या खिशात परक्याचे पैसे.

निर्वहण, सगळे धागे एकत्र. शेपू.

लांबीचा अंदाज हवाच असेल तर पहिल्या दोन संधींना मिळून पाव भाग, गर्भाला निम्मा, शेवटच्या दोघांना पाव. ९ हजार शब्दांची कथा म्हणजे साधारण ५०० शब्दांचे १८ सीन धरा: चार-पाच, आठ-नऊ, चार-पाच. फूटपट्टी घेऊन बसू नका, पण पहिलाच भाग दहा सीनचा झाला असेल तर समजा की तुम्ही अजून ओळखपरेडच करताय.

बांधणी म्हणजे परदेशी खूळ आहे असं कोणी म्हणालं तर त्याला कीर्तनाला घेऊन जा. पूर्वरंगात निरूपण, उत्तररंगात आख्यान, आणि पूर्वरंगात घेतलेला अभंग बुवा आख्यान संपताना बरोबर परत आणतात. पेरणे आणि उगवणे ह्याचा इतका चांगला क्लास फुकटात मिळत नाही.

५. आता पत्रिकेच्या चिठ्ठ्या

एका सीनला एक चिठ्ठी, आणि चिठ्ठीवर चारच ओळी: कुठे-केव्हा, ह्या सीनमध्ये कोणाला काय हवंय, सीन संपताना काय बदललं, आणि ह्यातून पुढचा सीन का घडतो. माझी एक चिठ्ठी जशीच्या तशी:

'स्टँड, सकाळी पावणेआठ. मुल्लाला डबा उघडायचाय, सदाला नको वाटतंय. बदल: सदा पहिला घास घेतो. पुढे: रिकामा डबा, म्हणजे काहीतरी सांगावं लागणार.'

तिसरी ओळ लिहिता येत नसेल तर तो सीन नाही, ते वर्णन आहे. माझ्याकडे सदाच्या घरचा एक सीन होता, बायको चकल्या पाडतेय, पोरं मांडीवर, मला फार आवडायचा तो. तिसऱ्या ओळीत लिहायला काहीच नव्हतं. दोन महिने चिठ्ठी इकडून तिकडे सरकवली आणि शेवटी काढून टाकली.

मग सगळ्या चिठ्ठ्या जमिनीवर पसरा आणि मधली कुठलीही एक उचला. ती नसताना पुढचं सगळं तसंच घडत असेल तर ती गेली. फॅन बंद करून करा हे, आणि मांजर बाहेर काढा.

६. 'कोणाला काय माहीत' तक्ता

हा तक्ता मला कोणी शिकवला नाही, गोंधळातून सुचला. आडवे सीनचे नंबर, उभी पात्रांची नावं, आणि एक रकाना वाचकाचा. प्रत्येक चौकोनात एवढंच लिहायचं की ह्या क्षणी ह्याला काय माहीत आहे.

माझ्या तक्त्यात सदाला चौथ्या सीनपासून माहीत की नितीन गेलाय. मुल्लाला पाचव्यापासून. काशीबाईंच्या रांगेत मी सतराव्या सीनपर्यंत 'माहीत नाही' असंच भरत गेले होते, आणि मग वाटलं की ज्या बाईने अठरा वर्षं त्या पोराला जेवायला घातलंय तिला शेपू संपलेली बघून कळणार नाही होय? म्हणून काशीबाईंना अकराव्या सीनलाच कळतं असं ठरवलं. वाचकाला कळतं सतराव्याला. मधले सहा सीन त्या गप्प राहतात, डबा मात्र रोज देतात.

ह्या एका बदलाने कथा फिरली. आता अकराव्या सीनपर्यंत डब्यात तीन भाकऱ्या असतात आणि बाराव्यापासून पाच. सदाला वाटतं आईची माया, पोराची परीक्षा जवळ आलीय. खरं म्हणजे त्या बाईला कळलंय की जेवणारे दोघं आहेत. हे मी कुठेही समजावून सांगितलेलं नाही, नुसता आकडा बदललाय, दुसऱ्यांदा वाचणाऱ्याला सापडेल.

वस्तूंचाही असाच हिशोब ठेवा. डबे दोन होते, एक जाणारा आणि एक येणारा, मग नितीन गेल्यावर दुसरा डबा कुठे राहिला? त्याच्या खोलीवर. म्हणजे काशीबाई विचारणारच की दुसरा डबा का येत नाही. मी हे विसरले होते. विसरले नसते तर मला एक आयता सीन मिळाला असता, तो नंतर घातला: सदा खोलीवरून डबा आणायला जातो आणि आत पंधरा दिवसांची बुरशी.

७. मधला खड्डा

चहाची टपरी इथेच लागते. सुरुवात जोरात झालेली असते, शेवट माहीत असतो, मधे आठ सीन कशाने भरायचे कळत नाही, मग पात्रं चहा पितात, आठवणी काढतात, चालत कुठेतरी जातात. तुमचं पात्र विनाकारण चहा प्यायला लागलं की ओळखा.

उपाय एकच, मधे नवीन संकट बाहेरून आणू नका, नायकाने आधी जे केलंय त्याचीच किंमत वाढवा. सदाचं खोटं आधी भाकरी-भाजीचं आहे, मधे त्यात तीनशे रुपये येतात. शंभराच्या तीन नोटा, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून वरच्या कप्प्यात. भाजी खाल्ली तर जिरते, पैसे जिरत नाहीत. परत द्यावेत तर खोटं उघडं पडतं, ठेवावेत तर चोरी. माणूस तोच, खोटं तेच, पण आता मागे फिरायची वाट जास्त महाग झाली. एवढं केलं की आठ सीन आपोआप भरतात.

८. धंद्यातल्या माणसाला विचारा, आणि आधीच विचारा

मी पहिल्या ड्राफ्टमध्ये सदाला ते पैसे गुपचूप कॅशबॅगेत टाकायला लावले होते. मग ओळखीतल्या एका रिटायर्ड कंडक्टरकाकांना कथा ऐकवली. ते आधी हसले. म्हणाले, अगं बाई, हिशोबापेक्षा जास्त पैसे सापडले की कंडक्टरच गोत्यात, म्हणून ड्युटीवर जातानाच स्वतःजवळचे खासगी पैसे किती ते कागदावर लिहून द्यायचे असतात. मी घरी येऊन सीनच बदलला. आता सदा काशीबाईंचे तीनशे रुपये स्वतःचे म्हणून कागदावर लिहितो आणि सही करतो. तोंडी खोटं होतं ते लेखी झालं. हे मला घरात बसून सात जन्मात सुचलं नसतं.

लोक चहा पाजून सांगतात, फक्त लेखक आहे म्हणून आव आणू नका आणि त्यांचं नाव-गाव कथेत घालू नका.

इथेच मोबाईलचं पण बघून घ्या. आजच्या काळातली गोष्ट असेल तर प्रत्येक सीनला विचारा की हा फोन का करत नाही? काशीबाईंनी नितीनला एक फोन केला असता तर कथा दुसऱ्याच पानावर संपली असती. म्हणून मी गोष्ट १९९८ सालात नेली, गावात एकच एसटीडी बूथ, आणि पोराच्या खोलीवर फोन नाही. 'रेंज नव्हती' हे कारण एकदाच वापरता येतं, तेही घाटात.

९. हमखास फसायच्या जागा

नावं. माझ्या पहिल्या ड्राफ्टमध्ये सदा, सुमन, सुरेश आणि संगीता होते. वाचणाऱ्याला चौथ्या पानापासून सगळे एकच वाटतात. प्रत्येकाचं पहिलं अक्षर वेगळं ठेवा.

योगायोग. नायकाला अडचणीत टाकणारा योगायोग वाचक माफ करतो, अडचणीतून सोडवणारा करत नाही. गाडी लेट झाली हा योगायोग चालतो. तपासणीच्या वेळीच नेमका ओळखीचा साहेब निघाला, हा नाही चालत.

फ्लॅशबॅक. आधी वर्तमानात काहीतरी घट्ट पकडा मग मागे जा, आणि फ्लॅशबॅकमध्ये फ्लॅशबॅक तर बिलकुल नको, मी केलंय ते, मलाच परत यायचा रस्ता सापडेना.

पेरलेलं दिसणं. शेपूचा उल्लेख मी आधी काशीबाईंच्या तोंडी दोनदा ठासून घातला होता, बहीण म्हणाली कळलं, शेपूचं काहीतरी आहे. आता तो मुल्लाच्या एका चेष्टेत येतो, लोक हसतात आणि विसरतात. पेरायचं असेल ते विनोदात नाहीतर भांडणात लपवा.

सण. एका सीनला बेंदूर आणि पुढच्याच आठवड्यात तिळगूळ असं होतं, खरंच होतं. कॅलेंडर.

स्वप्न होतं म्हणून संपवणे. ह्यावर बोलायला नको.

१०. लिहून काढा, मग कोणालातरी मोठ्याने वाचून दाखवा

सीनच्या चिठ्ठ्या समोर ठेवून लिहा, पण चिठ्ठीत एक आणि हाताने दुसरंच लिहिलं गेलं तर हाताचं ऐका आणि चिठ्ठी बदला. माझा मुल्ला चिठ्ठीत नुसता ड्रायव्हर होता. लिहिता लिहिता तोच पहिल्यांदा म्हणाला की सांगून टाक, आणि तो म्हणाला म्हणूनच सदाने नाही सांगितलं. मग मागच्या चार चिठ्ठ्या परत लिहिल्या.

वाचून दाखवताना समोरचा मोबाईलकडे कुठे बघतो तिथे पेन्सिलने रेघ मारा, कारण विचारू नका, नुसती रेघ. दोन वेगवेगळ्या माणसांची रेघ एकाच जागी आली तर तिथे हमखास एखादा 'आणि मग' लपलेला असतो.

पाठवायचं म्हणाल तर १९०९ साली का. र. मित्रांनी 'मनोरंजन' मासिकाचा दिवाळी अंक काढला तेव्हापासून आपल्याकडे दीर्घकथेला दिवाळी अंकासारखी दुसरी जागा नाही. पण अंक दिवाळीत निघतो म्हणून दसऱ्याला पाठवू नका, तोवर छपाई चालू झालेली असते. बरेच जण पावसाळा लागला की साहित्य मागवतात, म्हणजे प्लॉटिंगला संक्रांतीनंतर बसलात तर आरामात होतं. शब्दमर्यादा बघा, ती ओलांडली असेल तर पत्रात माफी मागण्याऐवजी दोन चिठ्ठ्या काढा. एकच कथा एकाच वेळी दोन अंकांना पाठवू नका, दोघांनी घेतली तर कोणत्या तोंडाने नाही म्हणणार? फाईलच्या पहिल्या पानावर नाव, फोन, शब्दसंख्या. फाईलचं नाव 'कथा फायनल नवीन खरंच फायनल' असं असेल तर पाठवण्याआधी बदला, माझं तसंच गेलं होतं.